संप आधी, युनियन नंतर : मुंबईची गिरणी कामगार युनियन, १९२८-२९

मे १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली तेव्हा तिच्या वहीत ३२४ नावं होती. मुंबईतल्या जवळपास सगळ्या कापडगिरण्या तेव्हा महिनाभर बंद होत्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. म्हणजे ज्या युनियनच्या नावाने हा संप आज ओळखला जातो, तिचे सभासद संपकऱ्यांच्या पाव टक्कासुद्धा नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस हा आकडा सुमारे ५४,००० झाला. आणि १९२९ संपायच्या आत युनियन खिळखिळी होऊन बसली.

औद्योगिकीकरणात कामगार संघटना कशा वाढल्या याचा नेहमीचा क्रम आपल्याला पाठ असतो : हाल होतात, जाग येते, संघटना उभी राहते, मग संप होतो. मुंबईत हा क्रम उलटा झाला. संप आधी पेटला, युनियन त्याच्या पाठीमागून धावत आली. ती इतकी फोफावली कशामुळे आणि इतक्या लवकर आटली कशामुळे, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला या उलट्या क्रमातच दिसतं.

गिरणीत काय चाललं होतं

पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरची काही वर्षं मालकांची चांदी होती. मग बाजार बसला. जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं, चीनमधली सुताची गिऱ्हाइकी आधीच हातची गेली होती, आणि १९२७ मध्ये सरकारने रुपयाचा दर १८ पेन्स ठरवल्यावर बाहेरचा माल आणखी स्वस्त पडू लागला. मालकांना सुचलेला पहिला उपाय सोपा होता, पगार कापायचा. आधी बोनस बंद केला. त्यावर १९२४ मध्ये संप झाला आणि फसला. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. त्यावरही संप झाला, पण या वेळी कामगार अडीच महिने हटले नाहीत. शेवटी सरकारने देशी कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर थांबवला, मालकांचं ओझं हलकं झालं आणि कपात मागे घेतली गेली.

या दोन संपांतून दोघंही शिकले. दम धरला तर कपात फिरवता येते, हे कामगारांना कळलं. सरसकट कपात केली की सगळी गिरणगाव एकदम उठते, हे मालकांना कळलं. त्यात १९२७ चा टॅरिफ बोर्डाचा अहवाल आला. परदेशी मालावर कर लावून संरक्षण मागण्याआधी गिरण्यांनी आपला कारभार सुधारावा असा त्याचा सूर होता. मग आडवाट धरली गेली : पगाराला हात लावायचा नाही, माणसामागची यंत्रं वाढवायची. ई. डी. ससून कंपनीच्या गिरण्यांत सूत कातणाऱ्या रिंगखात्यातल्या कामगाराला यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला सांगितलं गेलं. विणकामाच्या साळखात्यात दोन मागांच्या जागी तीन माग आले. महिन्याकाठी हातात थोडं जास्त पडायचं, पण काम जितकं वाढलं तितकं नाही. आणि मुख्य म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस उद्या नको झालेला असायचा.

त्यात साळखात्याची जुनी दुखणी होतीच. विणकराला पगार नगावर, आणि दर ज्या त्या गिरणीचा. एकाच जातीच्या कापडाला रस्त्याच्या या बाजूला एक दर, त्या बाजूला दुसरा. कापडात दोष निघाला की तो ठाण विणकराच्या माथी मारायचा आणि किंमत पगारातून वळती करायची. काही ठिकाणी एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार जायचा. त्याला गिरणीत ‘डबल खाडा’ म्हणत. अन्याय काय असतो हे ज्या कामगाराला भाषणातून समजावून घ्यावं लागलं नाही, तो हा विणकर. त्याने तो दर महिन्याच्या पगारात मोजून घेतला होता. १९२८ च्या संपाच्या आघाडीला विणकर होते, ते यामुळे.

जॉबर

हे प्रकरण समजायचं तर मालक आणि कामगार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे पाहावं लागतं. गिरणीत मालक कुणाला दिसत नसे. दिसायचा तो जॉबर. भरती त्याच्या हाती, काढणंही त्याच्या हाती. रोज पहाटे गिरणीच्या दारात बदली कामगारांचा घोळका उभा राहायचा. मस्टरवरचा माणूस आला नाही तर त्याच्या जागी कोणाला आत घ्यायचं, हे जॉबर बोटाने ठरवायचा. त्या बोटाची किंमत होती. तिला दस्तुरी म्हणत. कामावर घेताना द्यायची, रजेवरून परतताना द्यायची, सणावाराला वेगळी. सुताच्या कांड्या भरणाऱ्या कांडीखात्यात बायकांवर नायकीण असे, आणि तिचाही हिशोब तोच.

पण जॉबरला नुसता खंडणीखोर ठरवून मोकळं होता येत नाही. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेल्या पोराला मुंबईत पहिली ओळख त्याचीच असायची. बऱ्याचदा तो गाववाला किंवा भावकीतला असे. खोलीत जागा, खानावळीत नाव, वाण्याकडे उधारी, अडीनडीला कर्ज, यातल्या पुष्कळ गोष्टी त्याच्या शब्दावर चालत. बदल्यात तो निष्ठा घ्यायचा. शिवाय त्यालाही दोन्हीकडे तोंड द्यावं लागे. खात्यातली माणसं बिथरली तर मालक त्यालाच जाब विचारणार. म्हणून वारा फिरलेला दिसला की पुष्कळ जॉबर संपाच्या बाजूला जाऊन उभे राहत. गिरणगावातले आधीचे संप खात्याखात्यातून, जॉबरच्या टोळीतूनच पेटत आले होते. त्यांना युनियन लागलीच नव्हती.

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. संप करायला युनियन लागत नव्हती, तर मग ती कशाला हवी होती? जॉबरच्या टोळीवर एक खातं बंद पडतं, फार तर एक गिरणी. ऐंशीच्या आसपास गिरण्या एकत्र बंद ठेवायच्या, महिनोन्महिने ठेवायच्या आणि शेवटी मालक संघाशी एका कागदावर बोलायचं, हे टोळीच्या आवाक्याबाहेरचं काम होतं.

संप कोणाचा

१९२८ च्या सुरुवातीला ससूनच्या गिरण्यांत ठिणग्या पडत होत्या. एप्रिलच्या मध्याला एकेक गिरणी बाहेर पडू लागली आणि २६ एप्रिलपर्यंत जवळजवळ सगळ्या बंद झाल्या. त्याआधीच पोलिसांच्या गोळीबारात एक कामगार मरण पावला होता.

पुढाऱ्यांचं मात्र एकमत नव्हतं. ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ पासून होती. तिचा कारभार रीतसर, हिशोब चोख, आणि सार्वत्रिक संपाला तिचा विरोध होता. जोशींचं म्हणणं असं की बाजार पडलेला आहे, मालकांकडे माल साठलेला आहे, अशा वेळी गिरण्या बंद पडल्या तर त्यांचं फारसं बिघडत नाही. हा हिशोब चुकीचा नव्हता. दुसरीकडे १९२३ पासूनचं गिरणी कामगार महामंडळ होतं, गिरणीतल्याच माणसांचं. अर्जुन आत्माराम आळवे आणि गो. रा. कासले हे त्यातले कार्यकर्ते. तिसरीकडे श्रीपाद अमृत डांगे, शांताराम मिरजकर, रघुनाथ निंबकर, के. एन. जोगळेकर ही तरुण कम्युनिस्ट मंडळी. त्यांच्याकडे संघटना जवळपास नव्हती, पण सबंध शहराचा संप हवा असं ठामपणे म्हणणारे तेच होते. महामंडळात फूट पडली, दत्ताराम मयेकर एकीकडे राहिले, आळवे आणि कासले कम्युनिस्टांसोबत आले. त्यातून मे अखेरीस गिरणी कामगार युनियन निघाली. आळवे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. लोकांनी तिचं लांबलचक नाव बाजूला ठेवून ‘लाल बावटा’ म्हणायला सुरुवात केली.

या जोडणीचं महत्त्व थोडं कमी लेखलं जातं. डांगे-मिरजकरांकडे वाचन होतं, सगळ्या शहराकडे एकदम पाहण्याची नजर होती. खात्यात पाय ठेवायला मात्र त्यांना आळव्यांसारखा माणूस लागत होता. गिरणीत ज्याने हात काळे केले आहेत त्याच्या तोंडून ‘अजून दम धरा’ हे शब्द आले की ते वेगळे ऐकू येतात.

संप पेटल्यावर जोशींच्या युनियनलाही बाहेर राहणं परवडणारं नव्हतं. दोन्ही बाजूंची मिळून संयुक्त संप समिती झाली. एकमेकांवर मनातून विश्वास नसलेली माणसं पाच महिने एका टेबलाशी बसली, हे या प्रकरणातलं मला सर्वात नवल वाटणारं दृश्य आहे.

सहा महिने खायचं काय

संपाची गोष्ट सांगताना भाषणांवर फार शाई खर्च होते. भाषणं होतीच. नागू सयाजीच्या वाडीत, परळला, डिलाईल रोडला रोज सभा भरत. त्यातली बरीचशी आज वाचता येतात याचं श्रेय पोलिसांच्या लघुलेखकांना आहे. त्यांनी मराठी भाषणं उतरवून घेतली आणि ती पुढे मीरतला कम्युनिस्ट पुढाऱ्यांवर चाललेल्या कटाच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली. पुढाऱ्यांचे शब्द जपून ठेवण्याचं काम सरकारने आपल्या खर्चाने केलं.

पण दीड लाख माणसं भाषणांवर सहा महिने जगत नाहीत. ती कशावर जगली ते पाहिलं पाहिजे.

सगळ्यात मोठा आधार गावाचा होता. संप एप्रिलच्या अखेरीस सार्वत्रिक झाला, म्हणजे कोकणच्या बोटी पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी. एरवीही या दिवसांत चाकरमानी गावी जातोच. हजारो कामगार बोटीने, गाडीने गावाकडे गेले. तिथे पेरणी, लावणीला हात लागणारच होते. मुंबईतली तेवढी तोंडं कमी झाली आणि गिरणीच्या दारातली बदल्यांची गर्दीही ओसरली. हा मुहूर्त कोणी मुद्दाम काढला होता असं मी म्हणणार नाही. मात्र हाच संप ऐन भादव्यात सुरू झाला असता तर इतका टिकला असता का, याची मला शंका आहे.

राहिलेल्यांचा आधार चाळ. एका खोलीत गावचे दहा-बारा गडी राहत, त्यांचं भाडं वाटून, जेवण खानावळवाल्या बाईकडे महिन्याच्या उधारीवर. वाण्याने उधारी थांबवली तर संप संपला. पण वाण्यालाही हे सगळं गिऱ्हाईक एकदम तोडून चालणार नव्हतं, आणि चाळीच्या मालकाला रिकाम्या खोल्या नको होत्या. संप लांबला तसे तेही त्यात अडकत गेले. या उधारीला मर्यादा होती. ती जिथे संपत आली तिथे संप समितीने धान्यवाटप सुरू केलं. पैसे गोळा झाले ते शहरातून, इतर कामगार संघटनांकडून आणि परदेशातूनही. रशियातल्या कापड कामगारांच्या संघटनेने पाठवलेल्या पैशांवरून सरकारने बराच गहजब केला. वाटलं गेलेलं धान्य दीड लाख लोकांच्या मानाने तुटपुंजंच होतं. तरी रांग युनियनच्या माणसापुढे लागत होती, जॉबरपुढे नाही. सहा महिन्यांत गिरणगावात बदललेली गोष्ट ही. अडीनडीला कोणाकडे जायचं, याचं उत्तर काही काळ तरी बदललं.

पावसाळ्यात मालकांनी गिरण्या उघडून पाहिल्या. आत जायला माणसं मिळाली नाहीत.

सतरा मागण्या

संयुक्त समितीने सतरा मागण्या पुढे ठेवल्या. त्यात पगाराच्या आणि कामाच्या बदललेल्या अटी मागे घ्या हे होतंच, शिवाय खराब कापड विणकराच्या गळ्यात मारू नका, असल्या खात्यातल्या बारीक बाबीही होत्या. मालकांनी उत्तरादाखल आपली प्रमाणित दरांची योजना आणली. सर्व गिरण्यांत एका कामाला एक दर. वास्तविक ही मागणी कामगारांचीच होती. मेख पुढे होती : हे एकसारखे दर ठरवताना विणकरांच्या पगारात साडेसात टक्के कपात धरलेली होती.

इथे समितीची खरी परीक्षा झाली. सभेत आग लावणं वेगळं आणि कापडाच्या जातीगणिक, सुताच्या नंबरागणिक दराचा तक्ता घेऊन मालकांच्या जाणकारांशी वाद घालणं वेगळं. जोशींच्या लोकांचा हिशोबीपणा आणि लाल बावट्याच्या विणकरांची खात्यातली माहिती, दोन्ही इथे उपयोगी पडलं. संपाची ही बाजू पोवाड्यात येत नाही, पण मालक संघाने कामगारांच्या प्रतिनिधींशी दराच्या तक्त्यातल्या रकान्यांवर बोलावं, हे याआधी घडलं नव्हतं. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने युनियनला नोंदणी दिली, तिला कायद्याचं थोडं छत्र दिलं, मात्र मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. बोलणं भाग पाडलं ते बंद भोंग्यांनी.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोड झाली. न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसायची, तिचा अहवाल येईपर्यंत नवी कपात नाही. ६ ऑक्टोबरला गिरण्या सुरू झाल्या. सुमारे सव्वादोन कोटी कामाचे दिवस बुडाले होते. जिंकले म्हणावं तर मागण्या मान्य झालेल्या नव्हत्या, हरले म्हणावं तर मालकांना हवं ते मिळालेलं नव्हतं.

साळखात्याचं दार

सतरा मागण्यांच्या यादीत जे आधी सुचलंच नाही, त्यावर थांबलं पाहिजे. गिरणीत सर्वात बरा पगार साळखात्यात. आणि साळखात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण सांगितलं जायचं ते असं : मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणजे विटाळ. नियम गिरणीने लिहिलेला नव्हता. तो सोबतचे कामगार पाळत होते. हेच विणकर संपाच्या आघाडीला होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा संपाच्या पुढाऱ्यांपुढे रेटला. एकीची भाषा बोलता, तर ही बंदी उठवण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत घ्या. पुढाऱ्यांनी ती घेतली, पण ओढूनताणून. मालकांना आयतंच बोट दाखवायला मिळालं. हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे, असं ते म्हणू शकले, आणि त्यात तथ्य होतं. युनियनने या बाबतीत आपल्याच सभासदांशी भांडण घेतलं नाही. घेतलं असतं तर विणकर दुरावले असते, हा हिशोब मला कळतो. पण ज्यांच्यासाठी हा हिशोब केला गेला नाही त्यांनी पुढच्या संपात युनियनसाठी उपाशी का राहावं, याचं उत्तर युनियनकडे नव्हतं. १९२९ मध्ये आंबेडकरांनी संपाला उघड विरोध केला आणि दलित कामगारांना कामावर जायला सांगितलं.

ऑक्टोबर ते एप्रिल

वहीतला आकडा फुगला तो संपानंतरच्या महिन्यांत. गिरणीगिरणीत समित्या निघाल्या. खात्यातलेच कामगार वर्गणी गोळा करू लागले, तक्रारी घेऊन थेट साहेबापुढे उभे राहू लागले. जॉबर मधल्यामध्ये राहिला. पूर्वी तो दोन्हीकडे तोंड देत होता, आता दोन्हीकडे त्याचं वजन घटलं. काही जॉबर युनियनमध्ये आले, काही मालकांना चिकटले. मालकांची तक्रार अशी की खात्यात शिस्त उरलेली नाही. त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, कारण शिस्त म्हणजे जॉबर हेच त्यांना ठाऊक होतं.

अडचण अशी की समित्यांनाही एकच हत्यार ठाऊक होतं. एका माणसाला काढलं, खातं बंद. दर चुकीचा लावला, खातं बंद. छोट्या छोट्या संपांची रांग लागली. जी संघटना संपातच जन्मली तिला थांबायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकायला तिला पुरते सहा महिनेही मिळाले नाहीत. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुंबईत पठाणांविरुद्ध दंगल उसळली आणि गिरणगाव त्यात होरपळलं. मार्चमध्ये फॉसेट समितीचा अहवाल आला. त्याच महिन्याच्या २० तारखेला डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, आणि आळवे-कासलेसुद्धा, पकडून मीरतला नेले गेले. सरकारने वरची फळी एका दिवसात उचलली.

मागे राहिलेल्या नव्या पुढाऱ्यांनी महिनाभरात, २६ एप्रिल १९२९ ला, पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. कामावरून काढलेल्यांचा प्रश्न होता, गिरणी समित्यांचा प्रश्न होता, दोन्ही खरे होते. पण वाण्याची गेल्या वर्षीची उधारी फिटलेली नव्हती. गावी बसलेल्यांचं नुकतंच कर्ज काढून झालं होतं. जोशींची युनियन या वेळी सोबत नव्हती. संप काही महिने रेंगाळला, विरघळत गेला, आणि सरकारी चौकशीने दोषाचं खापर युनियनवर फोडलं. कामावर परतताना पुष्कळांना मध्यस्थ म्हणून पुन्हा जॉबरच गाठावा लागला.

मालक संघ मात्र १९२८ चा धडा विसरला नाही. युनियन फोफावते ती जॉबरच्या जाचावर, हे त्यांनी हेरलं होतं. १९३५ मध्ये त्यांनी बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्ड द्यायचं आणि रिकाम्या जागेवर कार्डवाल्यालाच घ्यायचं. कोणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या जॉबरच्या बोटाला पहिली रीतसर वेसण घातली गेली ती या कार्डाने, आणि ते कार्ड देणारे मालक होते.